वेल्डेड डिफ ते फुटलेला बर्फील्ड: एका जिप्सीचं प्रकरण

जिप्सीचा पुढचा बर्फील्ड जॉइंट, म्हणजे वळलेल्या पुढच्या चाकापर्यंत इंजिनची ताकद नेणारा सांधा, फुटला की निदान ठरलेलं असतं: जॉइंट मुळातच नाजूक, त्यात ३१ इंची टायर चढवले, मग फुटणारच. निदान अर्धं खरं आहे, आणि घोळ त्यामुळेच होतो. नवा जॉइंट बसवला जातो, तोही फुटतो. मग बाहेरून क्रोमोलीचा (क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाचा) महागडा जॉइंट मागवला जातो, आणि पुढच्या वेळी हब, क्राउन-पिनियन (ॲक्सलमधली मुख्य गिअरची जोडी) नाहीतर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या ॲक्सलला ताकद वाटणारी गिअरपेटी) जाते. इथे मांडलेल्या गाडीत जॉइंटच्या फुटण्याची सुरुवात मागच्या ॲक्सलमध्ये, तीन बदल आधी झाली होती. दुरुस्तीही त्यामुळे तिथूनच करावी लागली.

गाडी आणि तिची बांधणी

मारुती जिप्सी किंग, १२९८ सीसीचं एमपीएफआय इंजिन. ताकद ८० बीएचपी, टॉर्क १०३ न्यूटन-मीटर, आणि तोही ४५०० आरपीएमला. लॅडर चासी, पुढे-मागे सलग ॲक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे (लीफ स्प्रिंग). मूळ टायर २०५/७० आर१५, म्हणजे व्यास साधारण २६.३ इंच. १९८५ च्या अखेरीपासून भारतात असलेली ही गाडी आपल्याकडच्या ऑफ-रोडवाल्यांना इतकी आवडते त्याचं कारण वजन. मूळ गाडी टनाच्या आसपास भरते, त्यामुळे जिथे जड जीप चिखलात रुतून बसते तिथून जिप्सी वरच्यावर निघून जाते. गोव्यात २०१४ पासून भरणाऱ्या रेनफॉरेस्ट चॅलेंजच्या मैदानात जिप्सी इतक्या दिसतात त्या त्यामुळेच.

या गाडीत बदल कोणत्या क्रमाने झाले, ते महत्त्वाचं आहे.

आधी उंची. जिप्सीत पाटे ॲक्सलच्या खालून जातात. ते सोडवून ॲक्सलच्या वर बसवले की गाडी पाचेक इंच उचलली जाते. त्यासाठी ॲक्सलच्या नळीवर वरच्या बाजूने नवे पॅड वेल्ड करावे लागतात. लांब ब्रेक होज आणि प्रोपेलर शाफ्टला स्पेसर लागतात, आणि ड्रॅग लिंकचा (स्टिअरिंगच्या दांड्याचा) तिरकेपणा कमी करायला लिंक तरी बदलावी लागते किंवा टाय रॉड (दोन्ही चाकं जोडणारा दांडा) नकलच्या, म्हणजे चाकासोबत वळणाऱ्या ओतीव भागाच्या, वर घ्यावा लागतो. मग ३१ × १०.५ आर१५ मड टेरेन टायर. मग मागच्या डिफचे (डिफरन्शियल, वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी यंत्रणा) स्पायडर गिअर वेल्ड करून मागची दोन्ही चाकं कायमची एकत्र बांधली. हा लॉकरचा सर्वांत स्वस्त प्रकार. पुढे बंपर, विंच आणि शेवटी पुढच्या ॲक्सलमध्ये हवेवर चालणारा लॉकर.

वेल्डेड डिफची गाडी वळायला नाखूश असते. आतलं आणि बाहेरचं मागचं चाक एकाच वेगाने फिरतं, त्यामुळे मागचा भाग गाडीला सरळ ढकलत राहतो आणि वळणाचा घेर वाढतो. यावर बांधणाऱ्याने शोधलेला उपाय म्हणजे पुढच्या नकलवरचे स्टिअरिंग स्टॉप बोल्ट (चाक किती वळावं याची मर्यादा ठरवणारे) आत फिरवणं. बोल्ट आत गेले, चाक जास्त वळायला लागलं, घेर कमी झाला. मोठे टायर पाट्यांना घासू नयेत म्हणून खरं तर हे बोल्ट बाहेर काढायचे असतात. इथे ऑफसेट रिम लावून घासणं टाळलं होतं, त्यामुळे स्टॉप आत घेतल्याचं बाहेरून काहीच कळत नव्हतं.

लॉकर, ऑफसेट रिम आणि आत गेलेले स्टॉप, यातली एकेक गोष्ट सुटी घेतली तर चालून जाते. तिन्ही एकत्र आल्या की पुढच्या जॉइंटला वाचवणारं काहीच उरत नाही.

फुटण्याची जागा

पावसाळा, मावळातली खासगी जमीन, काळ्या कातळाची गुडघाभर उंच पायरी. डावीकडे वळत चढायचं होतं. गाडी फोर-लो (चारही चाकांना ताकद, ट्रान्सफर केसच्या हळू गिअरमध्ये), पहिला गिअर, पुढचा लॉकर चालू. उजवं पुढचं चाक निसरड्या दगडावर फिरत होतं. डावं चाक, म्हणजे वळणाच्या आतलं आणि सर्वांत जास्त कोनात असलेलं, दोन दगडांच्या फटीत बसलं होतं. चालकाने इंजिन तीन हजारांवर नेऊन क्लच सोडला. टक्‌ असा एक आवाज आला, डावं चाक थांबलं आणि स्टिअरिंग अर्ध्या वळणावर अडकलं.

कोकणातल्या जांभ्यावर हेच झालं असतं तर कदाचित जॉइंट वाचला असता. जांभा चाकाखाली झिजतो, कडा तुटते, चाकाला निसटायला वाट मिळते. सह्याद्रीचा कातळ तसूभरही हलत नाही.

या आधी काही दिवस गाडी वळताना पुढून टिक-टिक येत होती. ती मागच्या वेल्डेड डिफमुळे टायर घसटण्याची समजली गेली. वेल्डेड डिफचा हा मोठा तोटा फारसा कुणी सांगत नाही: त्याचा स्वतःचा आवाज, धक्के आणि टायरची कुरकुर इतकी असते की दुसऱ्या कुठल्याही बिघाडाची पहिली खूण त्यात बुडून जाते.

जागेवरून बाहेर काढणं

स्टिअरिंग अडकलं की जोर लावून फिरवायचं नाही. फुटलेल्या बेलचे (जॉइंटच्या बाहेरच्या वाटीचे) तुकडे नकलच्या पोकळीत पाचर होऊन बसलेले असतात. जोर लावला तर ओतीव नकलला तडा जातो, आणि मग सगळं काम दहापट वाढतं. आधी गाडी विंचने मागे, सपाट जागी घेतली, चाकांना दगड लावले आणि ॲक्सलखाली फळी ठेवून बॉटल जॅक दिला. कातळावर हाय-लिफ्ट जॅक वापरणं म्हणजे बोटांशी खेळ.

चाक काढलं. ब्रेक कॅलिपर सोडवून तारेने पाट्याला बांधला (होजवर लटकता ठेवायचा नाही). फ्री-व्हील हब (चाक शाफ्टला जोडणारं-सोडणारं), आतलं सर्क्लिप, व्हील बेअरिंगचं मोठं नट, डिस्कसकट हब आणि मग स्पिंडल (चाक ज्यावर फिरतं तो पोकळ दांडा). स्पिंडल हातोडीने हलकं ठोकून मोकळं केलं तेव्हा जॉइंटचं बाहेरचं टोक त्याच्यासोबत बाहेर आलं. बाकीचे तुकडे पोकळीतून चुंबकाने वेचले आणि आतला शाफ्ट हाताने ओढून काढला.

जिप्सीचं पुढचं चाक स्पिंडलवरच्या दोन बेअरिंगांवर उभं असतं, शाफ्टवर नाही. त्यामुळे शाफ्ट काढूनही चाक परत बसवता येतं आणि गाडी चालते. फक्त शाफ्ट गेला की ॲक्सल नळीच्या तोंडाचं ऑइल सील उघडं पडतं आणि डिफचं तेल नकलमध्ये उतरतं. तिथे प्लॅस्टिकची पिशवी गुंडाळलेला चिंध्यांचा बोळा घट्ट बसवायचा. बाहेरचं हबचं भोक टेपने बंद करायचं, नाहीतर बेअरिंगमध्ये चिखल जातो. पुढचा लॉकर बंद, उजवं हब मोकळं आणि मग फोर-लो टाकली तर फक्त मागची चाकं पण लो गिअरमध्ये चालतात. गाडी उतारावरून अशीच खाली आणली. या अवस्थेत इंजिनचा सगळा टॉर्क मागच्या दोन ॲक्सल शाफ्टवर असतो, म्हणून क्लचवर पाय हलका ठेवावा लागतो.

तुकडे काय सांगतात

तुकडे रॉकेलने धुऊन पांढऱ्या फडक्यावर ओळीने मांडले. बर्फील्डमध्ये बाहेरची वाटी म्हणजे बेल, आत खाचांचा तारा, मधे सहा गोळ्या आणि त्यांना धरणारा पिंजरा. बेलचे तीन तुकडे झाले होते आणि पिंजरा एका खिडकीपाशी तुटला होता. गोळ्या सहाच्या सहा शाबूत.

दोन गोष्टी नजरेत भरल्या. बेलच्या ओठापाशी, एका तुकड्याच्या कडेवर, नखाएवढा भाग काळपट होता. त्याला तेल मुरलेलं होतं आणि थोडा गंज धरला होता. बाकी सगळी भेग चकचकीत, दाणेदार राखाडी. काळपट भाग म्हणजे जुनी चीर. ती कातळावर पडलेली नाही, आधीपासूनच होती. त्या दिवशी उरलेलं धातू एका झटक्यात गेलं, इतकंच.

दुसरी खूण आतल्या शाफ्टवर, तारा बसतो त्याच्या मागच्या मानेवर. तिथे अर्धचंद्राच्या आकाराचा घासून चकचकीत झालेला डाग होता, बोट फिरवलं तर कड लागत होती. तो बेलच्या ओठाने पाडला होता. जॉइंट ज्या कोनापर्यंत वाकण्यासाठी बनलेला आहे त्याच्या पलीकडे तो नेला जात होता. पूर्ण वळणावर ओठ मानेवर टेकायचा आणि चाकाला मिळणारा प्रत्येक धक्का गोळ्यांऐवजी त्या ओठावर जायचा. टिक-टिक त्याचीच होती. स्टॉप बोल्ट मोजले तर दोन्ही बाजूंना मूळ जागेपेक्षा चांगलेच आत होते आणि लॉक नटवर रंगाची खूण नव्हती.

उजवा जॉइंट अजून चालत होता. तो उघडून पाहिल्यावर मानेवर तसाच डाग मिळाला, फक्त फिका. तोही बाद केला. चीर डोळ्याला दिसत नाही म्हणून जॉइंट परत बसवणं हा पैसे वाचवण्याचा मार्ग नव्हे.

एक किरकोळ पण खरी भर: डाव्या नकलमधलं ग्रीस पातळ आणि करडं झालं होतं, डिफच्या तेलाने आणि पाण्याने. पाट्यांचे पॅड वेल्ड करताना एकाच बाजूला सलग वेल्ड मारल्याने नळी किंचित ओढली गेली होती. शाफ्ट सीलच्या मधोमध बसत नव्हता आणि सील एका बाजूने गळत होतं. पॅड वेल्ड करायचे तर शाफ्ट आणि सील काढून, इंच-दीड इंचाचे तुकडे मारत, बाजू बदलत, मधे नळी हात लावता येईल इतकी थंड होऊ देत करायचे असतात. या कामात घाई केलेली बहुतेक ॲक्सलं ओढलेलीच सापडतात.

हिशेब

पहिला गिअर ३.६५२, ट्रान्सफरचा लो २.२६८, डिफ ३.९०९ (४३ भागिले ११). गुणाकार साधारण ३२.४. इंजिनचा कमाल १०३ न्यूटन-मीटर टॉर्क यातून गेला की ॲक्सलांवर मिळून सुमारे ३३०० न्यूटन-मीटर येतात, मधली घट धरलेली नाही.

आता टायर. २६.३ वरून ३१ इंच म्हणजे १८ टक्के मोठं चाक. तोच टॉर्क लांब हातावर पडतो आणि जमिनीवरची ओढ १५ टक्क्यांनी घटते: जिथे मूळ गाडी सुमारे १० किलोन्यूटन ओढायची तिथे ही ८.५. ८०० आरपीएमच्या आयडलला मूळ गाडी ताशी ३.१ किलोमीटर सरकते, ही ३.७. आकडा लहान वाटतो, पण कातळाच्या पायरीवर तो मोठा असतो. शिवाय टॉर्क ४५०० ला मिळणारं इंजिन खाली मरतं, म्हणून चालक रेव्ह वाढवून क्लच सोडतो. क्लच सोडला की फ्लायव्हीलमधली साठलेली ऊर्जाही जॉइंटवर आदळते. वरच्या हिशेबात तिची नोंद नाही. जॉइंट फुटतात ते बहुतेक या झटक्याने.

तरीही जॉइंटला एक संरक्षण असतं: टायर घसरतो. गाडी विंच, बंपर आणि दोन माणसांसकट साडेतेराशे किलो धरली, एका पुढच्या चाकावर ३५० किलो, घर्षण ०.८ आणि त्रिज्या ०.३९४ मीटर, तर चाक घसरण्याआधी जास्तीत जास्त सुमारे ११०० न्यूटन-मीटर झेलतं. त्यापुढे टायर फिरतो आणि जॉइंट सुटतो. फटीत अडकलेल्या चाकाला घसरता येत नाही, म्हणून ही मर्यादा त्याला लागू नाही.

ओपन, म्हणजे लॉकर नसलेला साधा डिफ कमी लेखला जातो तो इथे. ओपन डिफ दोन्ही बाजूंना सारखाच टॉर्क देतो. डावं चाक अडकलं आणि उजवं निसरड्या दगडावर मोकळं फिरत असेल, तर डाव्या जॉइंटलाही उजव्या चाकाला मिळतो तेवढाच टॉर्क मिळतो, म्हणजे फार थोडा. गाडी चढणार नाही, पण जॉइंट शाबूत राहील. लॉकर लावला की हे फ्यूज काढलं जातं. मागची चाकं ओल्या दगडावर घसरत असतील आणि उजवं पुढचं फिरत असेल, तर ॲक्सलांवरचा जवळजवळ सगळा टॉर्क त्या एका अडकलेल्या, पूर्ण वळलेल्या जॉइंटवर जाऊ शकतो. कंपनीने हा जॉइंट एक लिटर-सव्वा लिटरच्या, ओपन डिफच्या, २६ इंची टायरच्या गाडीसाठी बनवलाय. त्याला नाजूक म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे.

दुरुस्तीचा निर्णय

सोपा मार्ग होता दोन्ही बाजूंना क्रोमोलीचे जॉइंट. तो सोडला, कारण त्याने मूळ कारण तसंच राहतं. वेल्डेड मागचा डिफ कायम राहिला की वळण्याची अडचण कायम, मग स्टॉप परत आत जाणार. जॉइंट मजबूत झाला की पुढचा कमकुवत दुवा हब, नाहीतर क्राउन-पिनियन. हब फुटलं तर सहा बोल्टांत बदलता येतं. क्राउन-पिनियन गेलं तर गाडी ट्रेलरवर. तुटण्याची शक्यता ऑफ-रोड गाडीतून काढता येत नाही. काय तुटावं हे मात्र बांधणाऱ्याच्या हातात असतं, आणि ते स्वस्त, हाताशी सुटणारं हवं.

म्हणून पुढचा लॉकर मागे नेला आणि पुढचा डिफ ओपन केला. मागे लॉकर लागेल तेव्हाच लागतो, बाकी वेळ गाडी व्यवस्थित वळते, स्टॉप मूळ जागी येतात आणि पुढच्या जॉइंटचं फ्यूज परत मिळतं. एका भागाची जागा बदलून तीन गोष्टी सुटल्या.

हे काम बाकावर करायचं. जिप्सीचा डिफ पूर्ण नगासकट हाउसिंगमधून समोरून काढता येतो, त्यामुळे गाडीखाली झोपून क्राउन लावायची वेळ येत नाही. प्रत्येक डिफची क्राउन तिच्याच पिनियनबरोबर ठेवली. जोड्यांची अदलाबदल केली की आवाज, आणि थोड्याच दिवसांत दात. लॉकरच्या युनिटवर मागची क्राउन चढवली आणि पुढे भंगारातल्या चांगल्या डिफचा ओपन कॅरिअर (स्पायडर गिअर धरणारा भाग) घेतला. शाफ्टच्या स्प्लाइनचे (टोकाच्या उभ्या खाचांचे) दात आधी मोजून घेतले. वेगवेगळ्या वर्षांच्या जिप्सीत ते सारखेच असतील असं समजून काम सुरू करू नये. मागचा वेल्डेड कॅरिअर उघडल्यावर स्पायडरच्या दाताच्या मुळाशी चीर होती आणि ड्रेन प्लगच्या चुंबकावर वेल्डचे मणी. हे गिअर वरून कठीण केलेल्या पोलादाचे असतात, थंड गिअरवर मारलेला वेल्ड आज ना उद्या चिरतोच. मागच्या उजव्या शाफ्टच्या स्प्लाइन किंचित पिळल्या होत्या. पट्टी धरली की दातांची रेघ तिरकी दिसते. तो शाफ्टही बदलला.

क्राउनचे बोल्ट थ्रेडलॉक लावून ८० ते ९० न्यूटन-मीटरला, आमनेसामने पाळीने आवळले. बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) ०.१३ ते ०.१८ मिलिमीटरमध्ये बसला की शेंदूर आणि तेलाचा लेप दातांना लावून क्राउन हाताने दोन्ही दिशांना फिरवायची. डाग दाताच्या मधोमध उमटला पाहिजे. टोकाला किंवा मुळाशी आला तर शिम (पातळ चकत्या) बदलून पुन्हा. यात अर्धा दिवस जातो, तो जाऊ द्यावा. लॉकरची हवेची नळी आता चासीवरून मागे नेली, एक्झॉस्टपासून लांब, आणि ॲक्सल पूर्ण खाली लोंबला तरी ताणली जाणार नाही इतकी ढील ठेवून. नळी जिथे हाउसिंगमध्ये शिरते त्या फिटिंगभोवती सर्वांत जास्त गळती होते. साबणाचं पाणी लावून तपासलं.

पुढे परत बांधताना

ओढलेली नळी सरळ करायला हाउसिंग सुटी करून व्ही-ब्लॉकवर ठेवली आणि ओढलेल्या भागाच्या विरुद्ध बाजूला छोटे वेल्ड मारत, थंड करत, ती परत आणली. सील बसण्याच्या जागेत लेथवर बनवलेलं गोल बुश घालून शाफ्ट मधोमध येतोय का हे पाहिलं. मग नवी सीलं.

जॉइंट दोन्ही बाजूंना नवे, मूळ प्रकारचेच. इथे एक सूचना. पुण्या-कोल्हापुरातले टर्नर ईएन२४ पोलादात उत्तम ॲक्सल शाफ्ट करून देतात, हार्डनिंगसकट. बेल मात्र लेथवर होत नाही. तिच्या आतल्या गोळ्यांच्या खाचांना अचूक ग्राइंडिंग लागतं. ‘करून देतो’ म्हणणाऱ्याकडून बेल घेऊ नये. जुन्या बेलला वेल्ड मारून डागडुजी तर मुळीच नाही. जिप्सीची नागरी विक्री २०१९ मध्ये थांबली. सुटे भाग अजून मिळतात, पण लष्करी लिलावातून आलेला जुना माल नवा म्हणून विकला जातो. खाचांत बोट फिरवून पाहावं, गोळीची वाट खोल लागली तर परत करावा.

जॉइंटमध्ये मॉलिब्डेनम असलेलं ग्रीस गोळ्यांच्या खाचांत दाबून भरलं. नकलची पोकळी पूर्ण भरायची नाही, साधारण दोन तृतीयांश. पूर्ण भरली की ग्रीस गरम होऊन सील बाहेर ढकलतं. किंगपिनचे (नकल ज्यांवर वळते त्या पिनांचे) शिम वर-खाली जसे निघाले तसेच, खूण करून. किंगपिनचा ताण सील चढवण्याआधी टाय रॉडच्या भोकात स्प्रिंगकाटा अडकवून पाहायचा: साधारण एक ते पावणेदोन किलोच्या ओढीला नकल हलली पाहिजे. त्याहून सैल असली तर मोठ्या टायरवर स्टिअरिंग थडथडतं.

मग स्टॉप बोल्ट, या सगळ्या प्रकरणाचा केंद्रबिंदू. स्पिंडल बसवण्याआधी, पोकळी उघडी असतानाच, बेलचा ओठ आणि शाफ्टची मान यांच्यामध्ये प्लॅस्टिसिनचा गोळा चिकटवून नकल पूर्ण वळवली. गोळा काढून त्याची सर्वांत पातळ जागा मोजली. तीन मिलिमीटरपेक्षा कमी असली की स्टॉप बाहेर. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही नकलांवर वेगवेगळं. त्यानंतर चाकं चढवून, एका बाजूचा पाटा पूर्ण दबलेल्या अवस्थेत टायर आणि पाट्यात किमान बोटभर फट आहे का ते पाहिलं. लॉक नट आवळून त्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढली. पुन्हा कोणी ते फिरवलं तर लगेच दिसेल.

तेल जीएल-५, ८०डब्ल्यू-९०: पुढच्या डिफला दोन लिटर, मागच्याला दीड. पुढच्या डिफचं ब्रीदर (हवा आत-बाहेर जाण्याची वाट) नळी लावून बॉनेटच्या उंचीवर नेलं. गरम ॲक्सल नाल्यात उतरला की आतली हवा आकसते आणि ब्रीदर खाली असेल तर सीलमधून पाणी ओढून घेते. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप) २ ते ४ मिलिमीटर.

गिअरिंग

वळण्याचा प्रश्न सुटला, क्लच सोडण्याचा नाही. त्यासाठी ट्रान्सफर केसमध्ये ४.१६ चा लो गिअर संच बसवला. एकूण गुणोत्तर ३२.४ वरून ५९.४ वर गेलं आणि आयडलला गाडी ताशी दोन किलोमीटरने सरकते. पायरीवर क्लच पूर्ण सोडून, ॲक्सिलरेटरला जेमतेम स्पर्श करून चढता येतं, झटका बसतच नाही. काहींना याची धास्ती वाटते, कारण कागदावर ॲक्सलवरचा टॉर्क आता सहा हजारांच्या वर जातो. ती धास्ती पुढे लॉकर असता तर रास्त होती. ओपन डिफ आणि मोकळ्या टायरवर मर्यादा ११०० च्या आसपासच राहते. गिअरिंग कितीही खाली नेलं तरी टायर त्याच्या पलीकडे टॉर्क घेत नाही. पुढे परत लॉकर लावायची इच्छा झाली तर आधी क्रोमोली जॉइंट, मग लॉकर, आणि स्टिअरिंग सरळ असतानाच बटण.

ट्रान्सफर केसचं रबर माउंट मात्र या संचाबरोबर बदलावंच. जुन्या माउंटवर केस पिळते आणि लिव्हर फोर-लोमधून उडतो.

अजून राहिलेलं

पाटे वर घेतल्याने पुढचा कॅस्टर (नकलच्या वळण्याच्या अक्षाचा मागे झुकलेला कोन) जवळपास शून्यावर आलाय. वेग वाढला की गाडी भटकते आणि वळणानंतर स्टिअरिंग आपोआप परत येत नाही. पोलादी पाचर घालून अंश-दोन अंश मिळवता येतात, पण तितकंच पिनियन खाली झुकतं आणि प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस वाईट कोनात जातो. खरा इलाज नळीची टोकं कापून, नकल फिरवून पुन्हा वेल्ड करणं. ते पुढच्या खेपेला, नवीन हाउसिंगवर. मागच्या पाट्यांना एस आकाराचा पीळ पडतो तो थांबवणारा टॉर्क बारही तेव्हाच.

तोवर ही गाडी ट्रेलरवरच जाते-येते. कॅस्टर हे एक कारण, कायदा दुसरं. मोटर वाहन कायद्याच्या कलम ५२ वर सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये दिलेल्या निकालानंतर नोंदणीपेक्षा वेगळ्या मापाचे टायर आणि उचललेली चासी घेऊन सार्वजनिक रस्त्यावर उतरणं परवडत नाही. शिवाय मीटर ६० दाखवतो तेव्हा गाडी खरं तर ७० च्या आसपास असते, आणि मोठ्या चाकामुळे ब्रेकची पकडही घटलेली असते.

दुरुस्तीनंतर पहिल्या चढाईवरून आल्यावर यू-बोल्ट, किंगपिनचे बोल्ट आणि व्हील नट परत आवळायचे. पाट्यांचा रंग दबून यू-बोल्ट हमखास अर्धा आटा सैल होतात. सोबत ठेवायच्या पेटीत एक बेल-स्टब जॉइंट, सर्क्लिप, दोन्ही ऑइल सीलं, व्हील बेअरिंग नटचा पाना, चुंबक, एक किलो ग्रीस आणि दोन लिटर तेल. बाहेरचा जॉइंट दोन्ही बाजूंना चालतो, पण आतल्या शाफ्टची डावी-उजवी लांबी वेगळी आहे. एकच शाफ्ट घेऊन गेलात आणि दुसऱ्या बाजूचा गेला तर पेटी उघडून उपयोग नाही.